दुभाषी घरचा की पाहुण्याचा?

दिवाळीच्या तोंडावर माळे झाडायचे, पितळी भांडी चिंचेने घासायची, भिंतींना सफेती द्यायची, हा आपला जुना परिपाठ. अलीकडच्या काळात त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. घरातला संगणक वर्षभराच्या अडगळीने मंदावलेला असतो, कॉलेजातली मुले सुट्टीला घरी आलेली असतात, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणीतरी जाहीर करते की, आता याला एकदा ‘फॉरमॅट मारलाच’ पाहिजे. २०२५ साली तर या कामाला खास निमित्त मिळाले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असता, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, आणि जुनी यंत्रे पुसून त्यांवर विंडोज ११ टाकण्याचा उद्योग अनेक घरांत झाला.

सगळे पुसून कोरी विंडोज बसवली की, तासाभरात यंत्र पुन्हा उभे राहते. पडद्यावर चित्र दिसते, कळफलक चालतो, बहुधा आवाजही येतो. आणि येथेच घरात दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, यंत्र ज्या कंपनीने बनवले तिलाच त्याची नाडी ठाऊक. तेव्हा तिच्या संकेतस्थळावरून झाडून सगळे ड्रायव्हर उतरवून घेतल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. दुसरा तट म्हणतो, जे चालले आहे त्याला हात कशाला लावता? कंपनीचे आणून बसवाल तर आत्ताच घालवलेली सगळी अडगळ मागच्या दाराने परत येईल.

हा प्रश्न मला इतक्या घरांत विचारण्यात आला आहे की, एका वाक्यात उत्तर देऊन सुटका करून घेण्याचा मोह होतो. परंतु ज्याला जुन्या गोष्टी खोदण्याची खोड आहे त्याचे एका वाक्याने समाधान होत नाही. हा वाद आपल्या बैठकीच्या खोलीत सुरू झालेला नाही. तो सुमारे सत्तर वर्षे चालला आहे, मोठमोठ्या कंपन्या त्यात भांडल्या आहेत, आणि त्याचा निकाल दर दहापंधरा वर्षांनी बदलत आला आहे. तो इतिहास थोडा पाहिला म्हणजे आपल्या घरच्या वादाचाही उलगडा होतो.

*

‘ड्रायव्हर’ या शब्दाने प्रथम थोडी दिशाभूलच होते. ड्रायव्हर म्हटला की, एस. टी.च्या सुकाणूवर बसलेला खाकी कपड्यातला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. संगणकातला ड्रायव्हर काही हाकत नाही. तो बोलणे पोचवतो. संगणकाचा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम नावाची प्रणाली पाहते. विंडोज ही अशीच एक प्रणाली. तिला समजा एक पान छापून हवे आहे. पण ‘पान’ म्हणजे काय हे प्रिंटरला ठाऊक नसते. कागद केव्हा ओढायचा, शाईचे डोके किती सरकवायचे, कोणता ठिपका काळा करायचा, असल्या बारीकसारीक आज्ञाच त्याला कळतात, आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी. या दोघांच्या मध्ये बसून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून देणारा छोटासा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. मी त्याला दुभाषी म्हणेन.

दुभाष्याचे महत्त्व मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १६७४ साली शिवराज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूचा दुभाषी नारायण शेणवी होता. तो पाहुण्यांचा माणूस. उलट, फारसी पत्रे वाचण्यालिहिण्यासाठी दरबाराने स्वतः पदरी ठेवलेला माणूस तो पारसनीस. आडनावाच्या रूपाने तो अजून आपल्यात नांदतो आहे. हा घरचा माणूस. दोघेही जाणते असतील. पण एक पाहुण्याचे मीठ खातो, दुसरा आपले. ड्रायव्हरच्या साऱ्या इतिहासात हाच एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो: दुभाषी कोणी ठेवायचा, आणि त्याच्या हातून घोटाळा झाला तर जाब कोणी द्यायचा?

*

अगदी आरंभी दुभाषी नव्हताच. संगणक खोलीएवढे होते, आणि ज्याला त्यावर काम करायचे त्याने कार्डे वाचणाऱ्या व कागद छापणाऱ्या यंत्रांची बोली स्वतःच शिकायची, अशी स्थिती. प्रत्येक जण तेच तेच पुन्हा लिहीत असे. १९५६ साली जनरल मोटर्स ही मोटारींची कंपनी व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही विमानांची कंपनी यांनी एकत्र येऊन आय. बी. एम. ७०४ या यंत्रासाठी एक प्रणाली तयार केली. रॉबर्ट पॅट्रिक आणि ओवेन मॉक ही त्यामागची दोन नावे. जगातील पहिल्या ऑपरेटिंग सिस्टीमांत तिची गणना होते. तिचे नावच ‘जीएम-एनएए आय/ओ’ असे होते. त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ आवक-जावक. बाहेरच्या यंत्रांशी बोलण्याचे काम एकदा नीट लिहून ठेवावे आणि सर्वांनी वापरावे, हा त्यातील एक मोठा हेतू. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम जन्माला आली तीच दुभाष्याची सोय म्हणून, असे म्हटले तरी चालेल.

पुढे संगणक टेबलावर मावू लागला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी किल्डॉल याने ‘सीपी/एम’ नावाची प्रणाली लिहिली. निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी यंत्रे बनवत होत्या, आणि दर यंत्रासाठी सगळी प्रणाली पुन्हा लिहिणे अशक्य होते. किल्डॉलने युक्ती केली. यंत्राच्या स्वभावावर अवलंबून असलेला तेवढा भाग वेगळा काढून त्याला त्याने ‘बायोस’ असे नाव दिले. आता यंत्र बदलले तर एवढाच तुकडा बदलायचा. हा तुकडा लिहायचा यंत्र बनवणाऱ्याने आणि वरचा कारभार किल्डॉलचा. घरची बाजू आणि पाहुण्याची बाजू यांच्यात पहिली स्पष्ट रेघ ओढली गेली ती येथे.

१९८१ च्या ऑगस्टात आय. बी. एम.चा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि त्याच्याबरोबर मायक्रोसॉफ्टची ‘डॉस’ प्रणाली. १९८३ साली निघालेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवे दार उघडण्यात आले: कोणत्याही कंपनीने आपला ड्रायव्हर फ्लॉपीवर द्यावा आणि ग्राहकाने एका फाइलमध्ये त्याचे नाव लिहून ठेवावे, की यंत्र चालू होताना तो आपोआप कामावर रुजू होई. यंत्राच्या खोक्यात ड्रायव्हरची तबकडी घालण्याची रीत याच दाराने रुळली. परंतु डॉस मोठी तटस्थ होती. छापण्याच्या किंवा चित्र काढण्याच्या बाबतीत ती फारशी लक्ष घालीत नसे. परिणामी वर्डपरफेक्टसारख्या लेखनाच्या प्रोग्रॅमला शेकडो प्रिंटरांचे दुभाषी स्वतः बाळगावे लागत, आणि लोटस १-२-३ ला पडद्यांचे. एका घरात चार बिऱ्हाडे आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा दुभाषी वेगळा, असा तो प्रकार.

मराठीचा या कथेशी संबंध येतो तो याच काळात. डॉसच्या पडद्यावर रोमन अक्षरे उमटत, देवनागरी नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. आय. आय. टी. कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम तिने पुढे नेले, आणि त्यातून ‘जिस्ट कार्ड’ प्रसिद्धीस आले. संगणकाचे झाकण उघडून हे कार्ड आत बसवले की, डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमांतही मराठी, हिंदी, तमिळ लिहिता येई. आपली मातृभाषा त्या यंत्राच्या लेखी पाहुणी होती, आणि तिला आपला दुभाषी स्वतः घेऊन जावे लागत होते! पुढे २००० साली विंडोज २००० निघाली तेव्हा देवनागरी लिहिण्याची सोय आणि ‘मंगल’ नावाचे अक्षरवळण प्रणालीतच आले. वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. ज्या प्रवासाची कथा मी सांगतो आहे तो सगळा प्रवास मराठीने बारा वर्षांत करून दाखवला आहे.

*

दुभाष्यांना एका छपराखाली आणण्याचे श्रेय मुख्यतः विंडोजचे. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती घरोघर पसरली. प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोजला एकदा दिला की, लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रांचा, सगळे प्रोग्रॅम तोच वापरू लागले. तरी सुख नव्हते. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने काढलेले ‘साउंड ब्लास्टर’ हे आवाजाचे कार्ड ज्यांनी बसवले असेल त्यांना २२०, ५, १ हे आकडे अजून पाठ असतील. संगणकाचे लक्ष वेधण्यासाठी प्रत्येक कार्डाला एक क्रमांक लागे. दोन कार्डांनी एकच क्रमांक धरला की दोन्ही मुकी. मग झाकण उघडायचे, नखाएवढ्या टोपीने दोन खिळे जोडायचे आणि पुन्हा नशीब अजमावायचे.

विंडोज ९५ ने १९९५ च्या ऑगस्टात आश्वासन दिले की, आता ‘जोडा आणि वापरा’. यंत्राने स्वतःचे नाव सांगायचे आणि प्रणालीने त्याचा दुभाषी शोधायचा. लोकांनी थट्टेने त्याचे ‘जोडा आणि देवाचा धावा करा’ असे केले. त्या थट्टेवर शिक्कामोर्तब व्हावे असा प्रसंग २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात घडला. बिल गेट्स व्यासपीठावर होते. त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी येऊ घातलेल्या विंडोज ९८ चे कौतुक सांगत एक स्कॅनर संगणकाला जोडला. जोडताक्षणी, भरसभेत, पडदा निळा पडला आणि यंत्र कोसळले. सभा हसली, गेट्सही हसले. पण एक जोडलेला स्कॅनर सगळे यंत्र का पाडू शकतो, हा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

याचे कारण दुभाष्याच्या बसण्याच्या जागेत आहे. साध्या प्रोग्रॅमने चूक केली तर तेवढाच प्रोग्रॅम बंद पडतो. पण पुष्कळसे ड्रायव्हर प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसतात. त्याला मी गाभारा म्हणेन. तेथे ज्याला प्रवेश मिळाला त्याला कोणी अडवत नाही. तो सारे पाहू शकतो, आणि त्याचा पाय घसरला तर मूर्तीसकट सारे खाली येते. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्स या प्रणालीचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण बाकीच्या भागाच्या तीन ते सात पट आढळले. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या निबंधात नमूद केले की, विंडोज एक्सपीच्या त्या काळात नोंदलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होती. २००७ साली व्हिस्टा आली. तिच्या संबंधात पुढे अमेरिकेत खटला चालला आणि मायक्रोसॉफ्टची अंतर्गत पत्रे उघड झाली. त्यांत २००७ मधल्या कोसळण्यांची एक यादी होती: सुमारे २९ टक्के एनव्हिडिया या चित्र-कार्डाच्या कंपनीच्या ड्रायव्हरांकडे, तर सुमारे १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टकडे. लोक मात्र पडदा निळा पडला की, शिव्या विंडोजलाच घालीत. पाहुण्याचा दुभाषी चुकला तरी बोल यजमानाला, असा हा न्याय!

*

याच काळात आणखी एका बाजूने ही लढाई चालली होती, आणि तिचा उगम एका अडकलेल्या कागदात आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. तो वेगवान होता, पण त्यात कागद अडके आणि दूरच्या मजल्यावर वाट पाहणाऱ्याला ते कळत नसे. तेथल्या रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः सुधारणा करून, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ मजकूर मात्र कंपनीने दिलाच नव्हता. ज्याच्याजवळ तो होता अशा एका विद्वानाकडे स्टॉलमन गेला. त्याने कंपनीला गुप्ततेचे वचन दिले आहे असे सांगून नकार दिला. हा नकार स्टॉलमनच्या जिव्हारी लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने, ज्याचा मजकूर कोणालाही वाचता आणि सुधारता येईल अशा मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केली, आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले.

लिनक्सची रीत विंडोजच्या उलट आहे. तेथे दुभाषी बहुतांशी घरचेच. कंपनीने आपल्या यंत्राची माहिती द्यावी, ड्रायव्हरचा मजकूर उघड करावा, म्हणजे तो प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट होतो आणि पुढची देखभाल सगळे मिळून करतात. त्या गाभ्याचा फार मोठा भाग नुसत्या ड्रायव्हरांनीच व्यापलेला आहे. म्हणून पुष्कळ यंत्रांवर लिनक्स टाकली की, वेगळे काही बसवावेच लागत नाही. ज्या कंपन्या मजकूर उघड करीनात त्यांच्याशी तंटा झाला. २०१२ साली फिनलंडमध्ये एका जाहीर कार्यक्रमात टोर्वाल्ड्सने एनव्हिडियाला उद्देशून हाताने जो असभ्य इशारा केला तो दिवाळी अंकात वर्णन करण्यासारखा नाही. दहा वर्षांनी, २०२२ च्या मेमध्ये, त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. ॲपलचे मॅक संगणक घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण तेथे घर बांधणारा आणि कारभार पाहणारा एकच आहे.

*

मायक्रोसॉफ्टनेही व्हिस्टापासून धडा घेतला. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सही-शिक्क्यावाचून कोणताही ड्रायव्हर गाभाऱ्यात येऊ नये, असा नियम तेव्हाच झाला. २०१६ पासून नव्या ड्रायव्हरांवर खुद्द मायक्रोसॉफ्टचा शिक्का लागू लागला. दुसरीकडे काही बोल्यांचेच प्रमाणीकरण झाले. १९९६ साली आलेल्या यूएसबीने कळफलक, माउस, पेनड्राइव्ह अशा यंत्रांच्या जाती ठरवून दिल्या. एका जातीची सगळी यंत्रे एकच बोली बोलतात, म्हणून त्यांच्यासाठी एकच घरचा दुभाषी पुरतो. आज नवा माउस जोडताना आपल्याला कोणी तबकडी मागत नाही, ती या शहाणपणामुळे. आणि उरलेल्यांसाठी विंडोज अपडेट आहे: कंपन्यांनी दिलेले ड्रायव्हर मायक्रोसॉफ्ट आपल्या कोठारात ठेवते आणि यंत्र ओळखून घरपोच करते.

एवढे वाचून वाचक म्हणतील, मग झाले! घरच्या कोठारातून येईल ते घ्यावे आणि स्वस्थ बसावे. बहुतेक वेळा हेच खरे. पण कोठारातला माल कोणी भरला हेही पाहावे लागते. २०१४ च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या यंत्रांत पोचला. या कंपनीच्या छोट्या चिपांच्या बाजारात पुष्कळ नकला होत्या. नव्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखली की, तिची ओळखच पुसून टाकली; ती चिप असलेले उपकरण यंत्राला ओळखू येईना. नकलेचा गुन्हा विकणाऱ्याचा, शिक्षा बिचाऱ्या ग्राहकाला. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. सही-शिक्क्याचेही तसेच. २०१० साली उजेडात आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरांवर दोन खऱ्या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. सही माणसाचे नाव सांगते, त्याच्या पोटात काय आहे ते सांगत नाही.

आणि कंपनीच्या संकेतस्थळाचे काय? तेथील अडचण अशी की, दुभाषी एकटा येत नाही. त्याचे सगळे गोत बरोबर येते. एका ओळखीच्या घरी मी एक साधा प्रिंटर जोडताना पाहिला. छापण्यासाठी पाचदहा मेगाबाइटांचा ड्रायव्हर पुरला असता. कंपनीच्या ‘संपूर्ण संचा’ने फोटो सजवणारा, शाई मागवणारा, अभिप्राय विचारणारा असे चार जण घरात आणून बसवले, आणि ते यंत्र चालू होताच सगळ्यांच्या आधी उठत. हा नुसता त्रास झाला. २०१७ च्या मेमध्ये स्वित्झर्लंडमधील मॉडझिरो या संस्थेने जे दाखवले ते अधिक गंभीर होते. एचपीच्या काही लॅपटॉपांतील आवाजाचा ड्रायव्हर, जो कोनेक्संट कंपनीने पुरवला होता, तो कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत होता. आवाजाच्या कळा ओळखण्यासाठी कोणी केलेली तपासणीची सोय तशीच राहून गेली होती. हेतू वाईट नव्हता. पण बँकेचा पासवर्डसुद्धा त्या वहीत उतरत होता. कंपनीने दुरुस्ती पुरवली. २०१९ च्या मार्चमध्ये कॅस्परस्कीने उघड केले की, आसुसच्या ड्रायव्हर व सुधारणा पोचवणाऱ्या अधिकृत प्रोग्रॅममध्येच आदल्या वर्षी चोरांनी आपला मजकूर घुसवला होता.

सर्वांत चमत्कारिक प्रकार २०१५ सालचा. लेनोवोच्या काही यंत्रांत अशी योजना आढळली की, मालकाने सगळे पुसून कोरी विंडोज टाकली तरी यंत्राच्या बायोसमधून कंपनीचा प्रोग्रॅम पुन्हा आपण होऊन उगवे. भिंतीतच पुरून ठेवलेला दुभाषी! ती सोय मायक्रोसॉफ्टनेच चांगल्या हेतूने ठेवलेली होती. टीका झाल्यावर लेनोवोने ती काढून टाकण्याची तजवीज केली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत या कंपनीच्या लॅपटॉपांतील ‘सुपरफिश’ या जाहिराती घुसडणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रकरण गाजले होते. लोक नव्या यंत्रालाही फॉरमॅट का मारतात याचे उत्तर असल्या प्रकरणांत आहे.

गाभाऱ्यातल्या एका चुकीची किंमत किती होऊ शकते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक ही कंपनी काही यंत्रे बनवीत नाही. ती यंत्रांचे रक्षण करणारा प्रोग्रॅम पुरवते. पण त्याचा एक भाग ड्रायव्हर म्हणून गाभाऱ्यात बसतो. त्याला पाठवलेल्या एका सदोष फाइलने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. विमाने खोळंबली, आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

*

तेव्हा घरातल्या त्या दोन तटांना मी काय सांगतो, ते आता सांगतो. दोघेही निम्मे बरोबर आहेत.

कोरी विंडोज टाकण्याच्या आधी एक काम करावे: लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. कारण तो नसला तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही तर तो आणायचा कोठून? एक्सपीच्या काळी डिस्कच ओळखली जात नसे आणि एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपी द्यावी लागे. इंटेलच्या अकराव्या पिढीनंतरच्या अनेक लॅपटॉपांवर तीच जुनी अडचण नव्या रूपाने येते. विंडोज बसवताना डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरू नये, साठवणीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा.

विंडोज बसली की तिला इंटरनेट द्यावे आणि तासभर तिच्या मनासारखे करू द्यावे. अपडेट दोनतीनदा तपासावे, यंत्र बंद-चालू करावे. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. जेथे पिवळी खूण दिसेल तेथे दुभाषी मिळालेला नाही. तेवढ्यापुरते कंपनीच्या दारी जावे. ज्यांच्यापुढे खूण नाही आणि जे आपले काम नीट करीत आहेत, त्यांना केवळ नवी आवृत्ती निघाली म्हणून बदलू नये. ‘ऐच्छिक’ म्हणून विंडोज जे ड्रायव्हर दाखवते तेही, काही बिघाड असेल तरच घ्यावेत.

याला अपवाद आहेत. चित्र-कार्डाचे काम जेथे भारी असते, म्हणजे खेळ खेळणारी मुले किंवा चलच्चित्रे जोडणारे लोक, तेथे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांचा स्वतःचा ताजा ड्रायव्हर घ्यावा; घरच्या कोठारातला चालतो, पण मागे असतो. लॅपटॉपमध्ये बोटाचा ठसा, विशेष कळा, बॅटरीची काळजी असल्या त्या त्या कंपनीच्या खास गोष्टी असतात. त्या अडल्या तर लॅपटॉपच्या कंपनीचाच ड्रायव्हर हवा. प्रिंटरच्या बाबतीत शक्यतो नुसता ड्रायव्हर घ्यावा, संच घेऊ नये. २०२१ साली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेल्या भगदाडाने छपाईची व्यवस्था किती धोक्याची ठरू शकते ते दाखवले, आणि २०२३ साली मायक्रोसॉफ्टने कंपन्यांचे प्रिंटर-ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवण्याचे काम टप्प्याटप्प्याने थांबवून एका सामायिक दुभाष्याकडे वळण्याचे जाहीर केले. नवे प्रिंटर पुष्कळदा त्याच्यावरच चालतात.

आणि एक पथ्य निरपवाद आहे. ‘तुमचे सत्तावीस ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे सांगत येणारे जे तिऱ्हाईत प्रोग्रॅम असतात त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवावे. ते यजमानाचे नव्हेत आणि पाहुण्याचेही नव्हेत. वेशीवर भेटलेल्या अनोळखी माणसाला दुभाषी म्हणून कोणी थेट गाभाऱ्यात नेत नाही.

सत्तर वर्षांचा हा इतिहास एकाच दिशेने वाहत आला आहे असे मला दिसते. कार्डे वाचणाऱ्या यंत्रापासून मराठी अक्षरांपर्यंत, पाहुण्याने सोबत आणलेला दुभाषी हळूहळू घरचा होत गेला, आणि तसतसे सामान्य माणसाचे ओझे कमी झाले. पण एखादी नवी चीज घरात येते तेव्हा तिचा दुभाषी प्रथम पाहुण्याचाच असतो. त्याला दुसरा इलाज नाही. त्याला दार उघडावे, काय काम आहे ते विचारावे, आणि तेवढ्या कामापुरतीच त्याला बैठक द्यावी. आपल्या घरातील कागदपत्रे, मुलांचे फोटो, बँकेचे व्यवहार आता याच यंत्रात असतात. तेव्हा गाभाऱ्याची किल्ली कोणाकोणाच्या हाती दिली आहे, एवढे घरच्या माणसाला ठाऊक असले म्हणजे पुरे.